फिरत्या फलकाखाली सही कुणाची?

पुणे-सोलापूर रस्त्याने जाणाऱ्या माणसाला जाहिरात म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. हडपसर मागे पडले, लोणी काळभोर आणि उरुळी कांचन ओलांडले की यवत येईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना फलक उभे असतात. बंगल्यांचे प्लॉट, ठिबक सिंचनाचे संच, ट्रॅक्टर, शिकवणीचे वर्ग, मंगल कार्यालये आणि कुणा ना कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस. फ्लेक्स येण्याआधी हेच काम भिंती करीत. जर्दा, धुण्याची पावडर, शेतीपंप, खते आणि सरकारचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण ही सारी मंडळी एकाच ओळीतल्या घरांच्या भिंतींवर शेजाऱ्यांसारखी नांदत. रंगाऱ्याने एकदा अक्षरे काढली की दोन-तीन पावसाळे तरी ती हलत नसत.

त्या भिंतींविषयी मला फार माया आहे असे नाही. जर्द्याच्या जाहिरातीने कुणाचे भले झाले नसणार, आणि खताच्या जाहिरातीतले कणीस शेतात कधी तेवढे भरले नाही. परंतु त्या जाहिरातींना एक गुण होता, जो आपण तेव्हा गृहीत धरला. त्या सर्वांना सारख्या दिसत. सरपंचाला जी दिसे, तीच ऊसतोडणीला आलेल्या मजुराला दिसे. शाळेतल्या पोराला दिसे, मास्तरांनाही दिसे. भिंत कुणाची हे गावाला ठाऊक असे आणि आपल्या भिंतीवर काय लिहिले आहे हे भिंतीच्या मालकाला ठाऊक असे. एखाद्या जाहिरातीत खोटे आढळले तर पारावर तिची चर्चा करता येई, कारण पारावर बसलेल्या सगळ्यांनी ती पाहिलेली असे.

आता जाहिरातीने मुक्काम हलवला आहे. ती आपल्या हातातल्या फोनवर आली आहे. आणि तेथे ती स्थिर राहिलेली नाही, फिरू लागली आहे. या फिरण्याचा अर्थ कुटुंबातल्या प्रत्येकाने एकदा नीट समजून घ्यावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

यवतमधले एक घर डोळ्यांसमोर आणू. घर काल्पनिक आहे, पण असे घर आपल्या ओळखीत नाही असे म्हणणारा वाचक विरळा. रात्रीची जेवणे झाली आहेत. घरातली चार माणसे चार फोनवर एकाच मराठी दैनिकाच्या संकेतस्थळावर एकच बातमी वाचत आहेत. खडकवासल्याच्या उजव्या कालव्याला आवर्तन कधी सुटणार, ही ती बातमी. बातमीचा शब्दन् शब्द चौघांना सारखाच दिसतो. पण बातमीच्या मध्ये जी चौकोनी रिकामी जागा असते, तिच्यात आजींना गुडघेदुखीचे तेल दिसते. सुनेला पैठणी दिसते, कारण भावाच्या लग्नासाठी ती दोन दिवस साड्या पाहत होती. नातवाला कुठल्याशा खेळाची जाहिरात दिसते. आणि मुलाला, ज्याने दुपारी कुणाला न सांगता ‘तातडीचे कर्ज’ असे शोधून पाहिले, त्याला दिसते की कागदपत्रांशिवाय दहा मिनिटांत पन्नास हजार मिळतील.

चौघे एका सतरंजीवर बसले आहेत. शेजारच्याच्या पानावर काय लागले आहे हे एकालाही ठाऊक नाही. बातमी देणाऱ्या संपादकालाही ठाऊक नाही. त्या संकेतस्थळाच्या मालकाने आपली भिंत भाड्याने दिली आहे, पण तिच्यावर या क्षणी काय रंगवले आहे हे त्याला दिसत नाही. अशी भिंत आपल्या समाजाने यापूर्वी पाहिलेली नाही.

मुळात हे असे नव्हते. संकेतस्थळावरची पहिली पट्टीवजा जाहिरात, म्हणजे ज्याला ‘बॅनर’ म्हणतात ती, २७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतल्या ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर झळकली. ती एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची होती. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले ते त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ ला. ती पहिली जाहिरात वर्तमानपत्रातल्यासारखीच जागा विकत घेऊन लावलेली होती. येईल त्याला तीच दिसे. थोडक्यात, तीही भिंतच होती.

मग फिरता फलक आला. त्याची सुरुवात मोठी गमतीची आणि सालस होती. १९९६ मध्ये ‘लिंकएक्स्चेंज’ नावाची एक सेवा निघाली. लहान लहान संकेतस्थळांच्या मालकांकडे जाहिरातीला पैसा नसे. त्यांनी एकमेकांच्या पानांवर एकमेकांच्या पट्ट्या लावायच्या, असा तो करार. आपल्या शेतकऱ्याला यात नवे काही वाटणार नाही. याला आपण सावड म्हणतो. आज तुझ्या रानात मी येतो, उद्या माझ्या रानात तू ये. फरक एवढाच की तुमच्या पानावर दोन जाहिराती दाखवल्या की तुमची एक दुसरीकडे दाखवली जाई. उरलेली अर्धी जागा मधला कारभारी ठेवून घेई आणि विके. दोनच वर्षांत, १९९८ मध्ये, मायक्रोसॉफ्टने ती सेवा साडेसव्वीस कोटी डॉलरांना घेतली. सावडीचा मुकादम एवढा श्रीमंत झालेला आपल्याकडे कुणी पाहिला नसेल. असो.

त्याच सुमारास ‘डबलक्लिक’ ही कंपनी उभी राहिली, आणि खरा बदल तिने केला. तिने सांगितले की जाहिरात तुमच्या संकेतस्थळावर ठेवूच नका. ती आमच्या यंत्रावर राहील. वाचकाने तुमचे पान उघडले की ती रिकामी चौकट आमच्याकडे निरोप धाडील, आणि कुणाला काय दाखवायचे, किती वेळा दाखवायचे, मग काय दाखवायचे, हे आम्ही ठरवू. शेकडो संकेतस्थळांच्या चौकटी अशा एका यंत्राला जोडल्या गेल्या. यवतचा शेतकरी आवर्तनाची पाळी ओळखतो. कालव्याचे पाणी फिरते, पण कुणाची पाळी कधी हे कागदावर असते आणि ते चुकले तर पाटकऱ्याला जाब विचारता येतो. जाहिरातीच्या या आवर्तनात पाळीचा कागद फक्त मधल्या यंत्रापाशी राहिला. २००७ मध्ये गूगलने डबलक्लिक ३१० कोटी डॉलरांना घेण्याचे जाहीर केले आणि पुढच्या वर्षी तो व्यवहार पुरा झाला.

आता प्रश्न असा, की त्या यंत्राला आपण कोण हे कळते कसे? त्याचे उत्तर ‘कुकी’ या लहानशा चिठ्ठीत आहे. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुण अभियंत्याने ती काढली, आणि त्याचा हेतू साधा होता. दुकानाच्या पानावर तुम्ही एखादी वस्तू टोपलीत टाकली आणि दुसरे पान उघडले, तर दुकानाला तुमची टोपली आठवावी. देवळाबाहेर चपला सांभाळणारा आपल्याला एक बिल्ला देतो, तसा तो बिल्ला. त्यात गैर काही नाही. पण समजा, देहू, लोणी, यवत, वरवंड, बारामती असे करीत थेट पंढरपूरपर्यंतच्या सगळ्या देवळांबाहेर चपला सांभाळण्याचा ठेका एकाच माणसाने घेतला आणि सगळीकडे तोच बिल्ला चालू लागला. मग तुम्ही कोणत्या देवाला गेलात, किती वेळ थांबलात, दवाखान्याच्या दारात कधी उभे होतात आणि सावकाराच्या दारात कधी, हे त्या ठेकेदाराला कळेल. तुमचे नाव त्याला ठाऊक असेलच असे नाही. त्याला नावाची गरजही नाही. तुमची नड त्याला कळली की पुरे.

आता बिल्ल्याची रूपे बदलली आहेत. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० पासून परक्यांचे असे बिल्ले पूर्णपणे अडवले. गूगलने आपल्या क्रोममधून ते काढून टाकण्याचे २०२० मध्ये जाहीर केले, पुढे मुदती वाढवल्या आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. फोनमध्ये तर जाहिरातीसाठी वेगळा ओळख क्रमांकच असतो. तेव्हा बिल्ला गेला तरी ठेका गेला असे समजू नये.

चौकट भरण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. आपण पान उघडतो आणि ते पुरते दिसण्याच्या आत, डोळ्याची पापणी लवण्याएवढ्या अवधीत, त्या एका चौकटीचा लिलाव होतो. अमुक वयाचा, अमुक गावाजवळचा, काल अमुक शोधणारा माणूस आला आहे, बोला. यंत्रे बोली लावतात, एक जिंकते, जाहिरात लागते. बाजार समितीत गुळाच्या ढेपांचा लिलाव पाहिलेल्याला हे समजायला अवघड नाही. पूर्वी काही बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत. माल ज्याचा, त्याला रुमालाखाली काय झाले ते कळत नसे. म्हणूनच १९६३ च्या बाजार समिती कायद्यानंतर उघड लिलावाचा आग्रह धरला गेला. या नव्या बाजारात रुमाल परत आला आहे. त्यात भर म्हणजे विकणाऱ्याचा अडत्या, घेणाऱ्याचा दलाल आणि लिलावाच्या ओट्याचा मालक ही तिन्ही कामे एकाच कंपनीकडे असू शकतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या संघीय न्यायालयाने १७ एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला की या बाजाराच्या दोन भागांत गूगलने बेकायदा मक्तेदारी निर्माण केली. सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने याच व्यवसायावरून त्या कंपनीला २९५ कोटी युरोंचा दंड ठोठावला. आपल्याकडेही डिजिटल वृत्त प्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलच्या चौकशीचा आदेश दिला होता.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. त्यामुळे कुठलाही व्यवहार दिसला की पैसा कुठून निघाला आणि कुठे पोचला हे पाहण्याची खोड लागली आहे. आमच्या काळी संध्याकाळी खतावणी जुळल्याशिवाय कुणी घरी जात नसे. पाच पैशांचा फरक शोधायला चार माणसे रात्री आठपर्यंत बसत, आणि घरची मंडळी आम्हाला वेड्यात काढीत. या फिरत्या फलकांची खतावणी जुळवण्याचा एक प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. तेथल्या जाहिरातदारांच्या संस्थेने पीडब्ल्यूसी या हिशेबतपासनीस कंपनीकडून १५ जाहिरातदार आणि १२ प्रकाशक यांच्यामधला पैसा तपासून घेतला. २०२० साली निष्कर्ष आला. जाहिरातदाराने दिलेल्या शंभरांतले सुमारे एक्कावन्न प्रकाशकापर्यंत पोचत होते. बाकीचे मधल्या मंडळींत वाटले जात होते. पण खरी गोष्ट पुढे आहे. शंभरांतल्या पंधरांचा पत्ताच लागला नाही. ते कुणी घेतले हे नामांकित हिशेबतपासनीसांनाही सांगता आले नाही.

हीच तपासणी पुन्हा झाली आणि २०२३ च्या आरंभी तिचा अहवाल आला. बेपत्ता रक्कम पंधरांवरून तिनावर आली होती, आणि प्रकाशकाकडे पोचणारा वाटा वाढून पासष्टच्या घरात गेला होता. मला या दुसऱ्या अहवालाचे महत्त्व पहिल्यापेक्षा जास्त वाटते. हा व्यवहार इतका गुंतागुंतीचा आहे की त्यात हिशेब शक्यच नाही, असे जे सांगितले जाते, ते त्यामुळे खोटे ठरते. कुणीतरी वही मागितली तर वही सापडते.

आता वहीतून पुन्हा त्या सतरंजीवर येऊ. कारण जाहिरातदाराचे पैसे बुडाले तर तो सोसेल. घरातल्या त्या मुलाचे काय?

कर्ज देणे हा माझा व्यवसाय होता, त्यामुळे या एका चौकटीविषयी मी जरा अधिकाराने बोलू शकतो. कर्ज मागायला येणारा माणूस बँकेच्या दारात येईपर्यंत दहा ठिकाणी विचार करून आलेला असतो. कधी बायको बरोबर असते, कधी जामीनदार मित्र. मॅनेजर नको नको ते प्रश्न विचारतो. या साऱ्या खटाटोपाचा लोकांना राग येतो आणि तो पुष्कळदा रास्तही असतो. पण त्या खटाटोपात चार डोळे जास्त पडतात, आणि चार डोळ्यांनी अनेक घरे वाचली आहेत. फोनवरची चौकट त्या माणसाला एकट्याला गाठते. तिला त्याची नड कळलेली असते आणि ती रात्री अकरा वाजता त्याच्या समोर उभी राहते. आज नाही म्हटले तर उद्या दुसऱ्या संकेतस्थळावर, परवा क्रिकेटच्या धावसंख्येखाली.

रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पाहणी केली, तेव्हा भारतातल्या अँड्रॉइड फोनवर उपलब्ध असलेली कर्ज देणारी ॲप सुमारे अकराशे निघाली, आणि त्यांतली सहाशे बेकायदा होती. अशा कित्येक ॲपनी फोनमधली नातेवाइकांची नावे आणि छायाचित्रे उचलून वसुलीसाठी माणसांचा कसा छळ मांडला, हे वृत्तपत्रांनी वेळोवेळी छापले आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केले, मे २०२५ मध्ये ते एकत्र आणि कडक केले, आणि नोंदणीकृत संस्थांच्या कर्ज-ॲपची यादी जुलै २०२५ पासून आपल्या संकेतस्थळावर खुली ठेवली. ही कामे चांगलीच झाली. पण यादी पाहायला माणसाला स्वतः जावे लागते. जाहिरात मात्र स्वतःहून त्याच्याकडे येते.

औषधांचे तेच. मधुमेह, संधिवात, कर्करोग बरा करण्याचे दावे करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तो कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर भिंत होती, वर्तमानपत्र होते. तेथे अधिकाऱ्याला जाहिरात दिसू शकते. फिरत्या फलकाची गोष्ट निराळी. अधिकाऱ्याने तेच पान उघडले तर त्याला मोटारीची जाहिरात दिसेल. खोटे औषध आजींच्या फोनवर लागलेले असेल, आणि पान पुन्हा उघडेपर्यंत तेथूनही गेलेले असेल. नामवंतांच्या चेहऱ्यांचे बनावट चलच्चित्र करून जाहिराती फिरवण्याचा प्रकार आता त्यात मिसळला आहे. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांना जाहीरपणे सांगावे लागले की एका खेळाच्या ॲपची शिफारस करणारा तो चेहरा आपला नाही.

या साऱ्याला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितली नाही तर हा लेख एकांगी होईल. फिरत्या फलकामुळे लहान माणसालाही जाहिरात करता येऊ लागली. यवतच्या आसपास गुऱ्हाळे आहेत. एखाद्या गुऱ्हाळवाल्याला आपला बिनरसायनाचा गूळ पुण्यातल्या चार पेठांतल्या घरांपर्यंत पोचवायचा असेल, तर महामार्गावरचा फलक त्याच्या ऐपतीबाहेरचा आहे. फोनवर मात्र तो थोडक्या पैशांत नेमक्या लोकांपुढे जाऊ शकतो. आणि आपण जे मराठी वाचन फुकट करतो, त्याचा खर्चही काही अंशी याच चौकटी भागवतात. गूगलची ही जाहिरात-सेवा हिंदी मजकुराला २०१४ च्या अखेरीस खुली झाली आणि मराठीला त्यानंतरही काही वर्षे थांबावे लागले, तेव्हा मराठी संकेतस्थळे चालवणाऱ्यांनी केलेली तक्रार योग्यच होती. म्हणून हे फलक बंद करा, अशी माझी मागणी नाही. जत्रेत पाकीटमार असतात म्हणून कुणी जत्रा बंद करीत नाही. पण जत्रेत दुकान कुणाचे याची नोंद ग्रामपंचायत ठेवतेच.

माझे म्हणणे या नोंदीपुरतेच आहे. आपण हातात घेतलेल्या या छापील वर्तमानपत्रात मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे आणि छापखान्याचा पत्ता देणारी एक बारीक ओळ असते. ती आपण कधी वाचत नाही. १८६७ च्या कायद्याने इंग्रज सरकारने ती सक्तीची केली, ती लोकांवर पाळत ठेवण्यासाठी. त्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये नवा कायदा आला. पण दीडशे वर्षांत त्या ओळीने वाचकाचेही एक काम केले. अक्षर खोटे निघाले तर कुणाच्या दारात जायचे हे ती सांगते. वृत्तपत्रात छापलेल्या सगळ्या मजकुराची, जाहिरातींसह, जबाबदारी संपादकाची आहे, असे प्रेस कौन्सिलची आचारसंहिताही मानते. त्याच वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर मात्र बातमी संपादकाची आणि चौकट कुणाचीच नाही, अशी स्थिती आहे. या दैनिकासह कुणीही त्याला अपवाद असेल असे मला वाटत नाही. दैनिकांना दोष देऊन प्रश्न सुटणार नाही. त्यांची भिंत आहे, पण चुन्याची बादली दुसऱ्याकडे आहे.

१३ मे २०२४ रोजी वादळात घाटकोपरचा अजस्र फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे दगावली. दुसऱ्या दिवसापासून महाराष्ट्र एकच विचारत होता, हा फलक कुणाचा, परवानगी कुणी दिली, मापे कुणी तपासली. गुन्हे दाखल झाले, चौकशी समिती बसली, राज्यभर फलकांची तपासणी सुरू झाली. लोखंड पडले की आवाज होतो, म्हणून प्रश्न विचारले गेले. फोनमधला फलक एकेका घरावर स्वतंत्रपणे पडतो. कुणाचे पन्नास हजार जातात, कुणाच्या आईची साखर वाढते, कुणी पोरगा लाजेने गाव सोडतो. प्रत्येक घर समजते की चूक आपलीच झाली. गावात बोभाटा होऊ नये म्हणून ते गप्प बसते, आणि शेजारच्या घरात तोच फलक लागतो.

मनात आणले तर सरकारला जाहिराती रोखता येतात, हेही आपण पाहिले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात अशा खेळांच्या जाहिरातींवरही बंदी आहे. कायद्यामागोमाग मोठ्या कंपन्यांनी आपले पैशाचे खेळ बंद केले. तेव्हा यंत्र फार वेगवान आहे, त्याला कोण आवरणार, ही सबब आता चालू नये. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. आपली माहिती घेण्याआधी आपली संमती हवी, हे त्याचे सार. चांगले आहे. पण संमतीचा कागद न वाचता अंगठा उठवण्याची आपली सवय बँकेच्या खिडकीत मी तीस वर्षे पाहिली आहे. केवळ संमतीवर भिस्त ठेवून भागणार नाही.

म्हणून दोन गोष्टी कायद्याने व्हाव्यात. पहिली, प्रत्येक फिरत्या चौकटीत जाहिरात देणाऱ्याचे खरे नाव आणि गाव, आणि ती लावणाऱ्या मध्यस्थाचे नाव, मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरांत असावे. आज कोपऱ्यात एक इवलासा त्रिकोण असतो. तो दाबला तर काही वेळा जाहिरातदाराचे नाव सापडते. गूगलने २०२३ पासून जाहिरातदारांची यादीही खुली केली आहे. म्हणजे नाव त्यांच्यापाशी आहे. ते आत दडवण्याऐवजी दर्शनी भागावर लावावे, एवढेच मागणे आहे. दुसरी गोष्ट, ज्याच्या संकेतस्थळावर चौकट आहे त्याला त्या दिवशी तेथे काय काय लागले याची नोंदवही मिळावी आणि ती कुणालाही पाहता यावी. कुणाला दाखवले हे त्यात नको, काय दाखवले एवढेच हवे. मग आजींना दिसलेले औषध अधिकाऱ्यालाही दिसेल, संपादकालाही दिसेल, आणि ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ असे म्हणायची सोय उरणार नाही.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर घरात करण्यासारखे थोडे आहे. अँड्रॉइड फोनच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये जाहिरातीचा ओळख क्रमांक पुसून टाकता येतो, ते नातवंडांना सांगावे. ती पाच मिनिटांत करतील. कर्जाची कुठलीही जाहिरात पाहून काही करण्याआधी रिझर्व्ह बँकेची यादी पाहावी, आणि फसवणूक झालीच तर तिच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पण या साऱ्याहून सोपी आणि अधिक उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. आज रविवार आहे, घरातली माणसे एकत्र असतील. सगळ्यांनी एकच बातमी उघडावी आणि फोन एकमेकांसमोर धरावेत. तुला काय दिसले, मला काय दिसले. थोडे हसू येईल, थोडा संकोच वाटेल. एखाद्या फोनवर कर्जाची चौकट वारंवार दिसली तर रागावू नये, चिडवू नये. शांतपणे विचारावे की बाबा, नड काय आहे? यंत्राला जी नड कळली ती घरच्या माणसांना कळू नये, हे काही बरे नव्हे.